शेवटचे पान

श्रावणातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी रोह्याहून पेणला निघालो होतो. गाडीत एक जुना विद्यार्थी भेटला. नागोठणे मागे पडेपर्यंत शाळेच्या आणि पावसाच्या गोष्टी झाल्या. मग त्याने पिशवीतून एक चोपडी काढून माझ्या हातात दिली. चाळीसएक पाने, झेरॉक्स केलेली, कडेला पिना मारलेल्या. "अशा वीस वाटल्या, सर. फुकट. आता एक मित्र म्हणतो, ही चोरी आहे. तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तुम्हीच सांगा."

चोपडी मी घरी आणून दोनदा वाचली. झेरॉक्सचे परीक्षण दिवाळी अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या मुलाचा प्रश्न चोपडीहून मोठा आहे.

ही चोपडी एका खेळाची आहे, आणि तो पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, गढीचा दरवाजा बंद आहे आणि आत उजेड दिसतो आहे. पात्रे काय करायचे ते ठरवतात. जमले की फसले, हे फासे सांगतात. गोष्ट अशी तोंडी पुढे सरकते. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने असा पहिला प्रसिद्ध खेळ काढला. पुढे तो 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे आला आणि २००० साली तिने एक नवलाची गोष्ट केली. खेळाचे मूळ नियम कोणीही घ्यावेत, बदलावेत, भाषांतर करावेत, विकावेत किंवा फुकट वाटावेत, असा परवानाच छापून दिला.

हा परवाना मी मुलाकडून मागवून वाचला. कायद्याच्या कागदात साहित्यगुण शोधू नयेत हे खरे. पण त्यातले पंधरावे कलम मला फार आवडले. आपण ज्यांच्याकडून घेतले त्या सर्वांची नावे तिथे ओळीने द्यायची, आणि शेवटी आपले नाव लिहायचे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची परंपरा येते, तिची आठवण व्हावी असे हे कलम आहे. आपल्या मोक्षपटाला ते लाभले नाही. तो इंग्लंडात गेला, साप-शिडी झाला. अमेरिकेत १९४३ साली सापांच्या घसरगुंड्या झाल्या. आणि पट मुळात कुठला, हे खेळणाऱ्या पोरांना कोणी सांगितले नाही.

आता चोपडीकडे वळतो. परदेशातल्या एका लेखकाने काही डॉलरना विकायला ठेवलेल्या पुस्तकावरून ती केली आहे. त्या लेखकाने राक्षस, मंत्र आणि नियम मुक्त जाहीर केले होते; पात्रांची, गावांची नावे आणि कथा स्वतःकडे राखली होती. आमच्या मुलाने मुक्त तेवढेच घेतले आणि खाडीकाठची एक गढी स्वतः रचली. राक्षसांची वर्णने झकास उतरली आहेत. चिखलातून वर येणारे एक प्राणी-प्रकरण तर भरतीच्या वासासकट आले आहे. 'बचावाचा फासा' हा शब्द मला नेमका वाटला. मंत्रांची नावे मात्र संस्कृतच्या तासाला बेतल्यासारखी आहेत. खेळताना जिभेवर बसायची नाहीत.

एवढ्यावरून मित्र चुकला, असेच मी म्हणणार होतो. पण परवाना वाचल्यावर चोपडी पुन्हा चाळली. परवान्याची संपूर्ण प्रत प्रत्येक प्रतीला जोडलीच पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. मूळ पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ती आहे, नावांच्या यादीसह. या वीस प्रतींत ते पान नाही. विचारले तेव्हा म्हणाला, "बारीक इंग्रजी होते, सर. कोण वाचतो? झेरॉक्सचे दोन रुपये वाचले." ज्या पानावर त्याचा सगळा हक्क उभा होता, नेमके तेच त्याने वाचवले!

कायदा बाजूला ठेवला, तरी एक अवघड प्रश्न उरतो. एकटा लेखक चार पैशांसाठी जे विकतो, ते दुसऱ्याने फुकट वाटावे काय? इथे माझे मन साफ नाही, हे कबूल केले पाहिजे. माझ्या एका कादंबरीच्या पानांचे फोटो काढून कोणीतरी फोनवरच्या एका गटात फिरवले. अनोळखी वाचकांचे कौतुक आले. प्रकाशकाकडे प्रती पडून राहिल्या. मला राग आला, आणि सुखही वाटले. दोन्ही एकाच संध्याकाळी. पण ती तक्रार मी त्या परदेशी लेखकाला उसनी देऊ शकत नाही. मी असा परवाना दिला नव्हता. त्याने दिला होता, आणि तोही दुसऱ्यांनी मोकळे ठेवलेले शेकडो नियम घेऊन. नवे राक्षस त्याला राखून ठेवता आले असते. तरी, मोकळे केलेले म्हणजे बेवारस नव्हे. आमच्या पेणेत कच्ची गणेशमूर्ती विकत घेऊन तिच्यावरून कोणी साचा काढला, तर मूळ कारागीर काय बोलतो ते कारखान्यात बसून ऐकावे. पैशाआधी तो म्हणतो, "निदान विचारायचे तरी!"

देणाऱ्यानेही शब्द पाळावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुन्या परवान्यातल्या 'अधिकृत' या एका शब्दाला धरून जुना परवानाच अधिकृत नाही असे ठरवायचे, आणि साडेसात लाख डॉलरवरच्या उत्पन्नात पंचवीस टक्के मागायचे, असा त्याचा बेत होता. खेळणारे खवळले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि सुमारे चारशे पानांचे नियम परत घेता न येणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे केले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा १९५१ पासून भूदान मागत फिरले, तेव्हा दान म्हणजे सम-विभाग असा अर्थ ते सांगत. उपकार करायचा नाही, हिस्सा काढून द्यायचा. त्या दानातली पुष्कळ जमीन पुढे खडकाळ निघाली, काही वादात अडकली, लाखो एकर वाटलीच गेली नाही. कागदावरचे देणे आणि हातातून सोडणे यांत केवढे अंतर असते, हे आमच्या भागाला कोणी शिकवायला नको. म्हणून त्या कंपनीचे मला फारसे नवलही वाटले नाही.

मुलाला मी चोर म्हटले नाही. परवान्यातच एक सोय आहे: चूक कळल्यापासून तीस दिवसांत ती सुधारली, तर हक्क जात नाही. त्याने दिवस मोजले. शेवटचे पान वीस वेळा झेरॉक्स केले, यादीच्या तळाशी प्रथमच स्वतःचे नाव घातले, आणि सायकलवरून घरोघर जाऊन पिना मारल्या. अठरा प्रती झाल्या. दोन मुले शिकायला पुण्याला गेली होती. त्यांना पान टपालाने धाडले. मूळ लेखकाला एक पत्र लिही, असे मी सुचवले. परवान्यात तशी अट नाही. पत्र गेले आहे. उत्तर अजून आलेले नाही.