न वाजलेल्या गाण्यांचा हिशेब

३१ डिसेंबर १९७८. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘विंटरलँड’ या सभागृहाची ती शेवटची रात्र होती. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा कार्यक्रम संपला की सभागृहाला कायमचे कुलूप लागणार होते. प्रेक्षकांपैकी काही जणांनी तिथे एक फलक टांगला होता. त्यावर बँडची स्तुती नव्हती, नववर्षाच्या शुभेच्छाही नव्हत्या. होता तो निव्वळ हिशेब: सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचे ‘डार्क स्टार’ वाजले त्याला १५३५ दिवस झाले. मी तारखा लावून पाहिल्या. १८ ऑक्टोबर १९७४ पासून मोजले तर दिवस बरोबर तेवढेच भरतात. त्या रात्री उशिरा बँडने ‘डार्क स्टार’ वाजवले.

गाणी ऐकायला आलेला माणूस न वाजलेल्या गाण्याचे दिवस का मोजतो, हा या लेखाचा विषय आहे. ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांमध्ये, म्हणजे ‘डेडहेड्स’मध्ये, गेली चार-पाच दशके एक वाद चालू आहे. क्वचितच वाजणारी गाणी खरोखर श्रेष्ठ होती, की क्वचित वाजली म्हणून श्रेष्ठ वाटली? वरवर हा हौशी मंडळींचा वाद वाटेल. पण रसिक नेमके कशाला दाद देतो, या समीक्षेतल्या जुन्या प्रश्नापर्यंत तो जाऊन पोहोचतो.

आधी हा वाद याच बँडभोवती का वाढला, ते पाहू. १९६५ साली कॅलिफोर्नियात ‘वॉरलॉक्स’ या नावाने सुरू झालेला आणि लवकरच ग्रेटफुल डेड झालेला हा बँड १९९५ पर्यंत वाजवत राहिला. तीस वर्षांत त्याचे २३०० हून अधिक कार्यक्रम झाले. बहुतेक मोठे रॉक बँड दौऱ्याला निघताना गाण्यांची यादी ठरवतात आणि गावोगावी थोड्याफार फरकाने तीच वाजवतात. अशा बँडच्या चाहत्याला दौऱ्याच्या पहिल्या आठवड्यातच कळते की आपले आवडते गाणे या खेपेला नाही, आणि विषय संपतो. ग्रेटफुल डेडची रीत वेगळी होती. जेरी गार्सिया आणि बॉब वेअर हे गिटारवादक, बासवर फिल लेश आणि त्यांचे साथीदार पुढचे गाणे अनेकदा रंगमंचावरच ठरवत. एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता शिरत. त्यामुळे कोणतेही गाणे कोणत्याही रात्री येऊ शकत होते आणि वाट पाहणे कधीच अगदी फोल ठरत नव्हते.

पण वाट पाहणे आणि दिवस मोजणे यांत फरक आहे. मोजायला दफ्तर लागते, आणि ते चाहत्यांनी स्वतः उभे केले. कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करून कॅसेटींची देवघेव करायची, पैसे मात्र घ्यायचे नाहीत, असा त्यांचा अलिखित नियम होता. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये बँडने ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात अधिकृत जागाच राखून ठेवली. १९८७ साली ‘डेडबेस’ हा ग्रंथ निघाला. कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणत्या क्रमाने कोणती गाणी वाजली, याची ती बाडेच्या बाडे होती. तोवर एखादे गाणे ‘बऱ्याच दिवसांत ऐकले नाही’ असे वाटे. आता ते किती दिवसांत वाजले नाही, हे आकड्यात सांगता येऊ लागले. दुर्मीळता आधीही होती, पण तिला मोजमाप मिळाले ते वहीमुळे. आणि वहीचा एक दोष असा की गाणे का वाजले नाही, हे ती सांगत नाही. माझ्या मते या वादातला बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

गाणी गप्प होण्याची कारणे निदान तीन प्रकारची दिसतात. पहिले कारण माणूस जाण्याचे. सुरुवातीचा गायक आणि किबोर्डवादक रॉन मॅकर्नन ऊर्फ ‘पिगपेन’ १९७३ च्या मार्चमध्ये गेला आणि त्याच्या आवाजावर उभी असलेली बरीच गाणी त्याच्याबरोबर गेली. ब्रेंट मिडलँड १९९० च्या जुलैत वारला, त्यानंतर त्याने लिहिलेली आणि गायिलेली गाणी बँडने वाजवली नाहीत. ही गाणीही वहीत ‘अमुक सालापासून नाही’ अशीच नोंदली जातात, पण तिथे दिवस मोजण्यात अर्थ नाही. ते मौन सुतकाचे आहे.

दुसरे कारण म्हणजे वादकांचा जीव त्यात उरला नसणे. ‘सेंट स्टीफन’ हे १९६०च्या दशकाच्या अखेरचे, चाहत्यांचे अत्यंत लाडके गाणे. १९७१ नंतर ते थांबले, १९७६ मध्ये संथ लयीत परतले, १९७९ नंतर पुन्हा थांबले. ऑक्टोबर १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ते अचानक वाजले, त्या महिन्यात एकूण तीनदा आले आणि पुढे बँड असेपर्यंत कधीच आले नाही. या तीन प्रयोगांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. प्रेक्षकांचा आनंद अस्सल आहे, वादन मात्र चाचपडते. जुन्या घराची किल्ली सापडली, पण आता तिथे राहावेसे वाटत नाही, अशी काहीशी गत.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. काही गाणी वाजवायला वादकांची एक विशिष्ट तयारी आणि परस्परांवरचा भरवसा लागतो. ‘द इलेव्हन’ हे त्यातले ठळक उदाहरण, आणि त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. बँडचा ड्रमवादक मिकी हार्ट याच्यावर उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याचा खोल परिणाम झाला होता. रॉकच्या सवयीच्या चार मात्रांबाहेरचे हिशेब त्याला त्या वादनात दिसले. ‘द इलेव्हन’ नावाप्रमाणे अकरा मात्रांचे. १९७० नंतर ते कार्यक्रमांतून जवळजवळ नाहीसे झाले. हार्टचे हे नाते मात्र पुढे वाढत गेले. माहीममध्ये वाढलेल्या झाकिर हुसेन यांच्याबरोबर त्याने १९७६ मध्ये ‘दिगा’ आणि १९९१ मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’ केले.

मराठी रसिकाला हा तिसरा प्रकार चटकन कळेल, कारण त्यासाठी आपल्याकडे ‘अनवट’ हा नेमका शब्द आहे. अनवट राग क्वचित ऐकू येतो खरा, पण त्याचे अनवटपण त्याच्या अवघड वाटांत असते. क्वचित ऐकू येणे हा त्याचा परिणाम. मल्लिकार्जुन मन्सूर असे राग मांडत तेव्हा जाणकार किती वर्षांनी ऐकला हे मोजत बसला तरी मान डोलवी ती मांडणीला. डेडहेड्सच्या वादात ‘दुर्मीळ’ आणि ‘अनवट’ यांची सतत गल्लत होते. दुर्मीळ हे तारखांवरून कळते. अनवट कळायला गाणे ऐकावे लागते.

‘डार्क स्टार’ या कसोटीवर घासून पाहू. १९६८ साली ते तीन मिनिटांहूनही लहान तबकडी म्हणून निघाले आणि खपले नाही. रॉबर्ट हंटरचे मोजके शब्द, दोन-तीन स्वरांभोवती घोटाळणारी सुरावट, आणि पुढे सगळे मोकळे रान. रंगमंचावर त्याचे रूपच पालटले. ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवरचा, २७ फेब्रुवारी १९६९ चा प्रयोग २३ मिनिटांचा आहे. त्या काळात ते अजिबात दुर्मीळ नव्हते, वारंवार वाजे. अनवट मात्र पहिल्यापासून होते. सहा-सात माणसांनी तालाचा आणि सुरावटीचा आधार सोडून एकमेकांचे ऐकत पुढे जायचे, ही त्याची अट. ती पाळणे जड जाऊ लागले तसे ते विरळ होत गेले. १३ जुलै १९८४ ला बर्कलीत वाजले आणि मग पाच वर्षे नाही.

दरम्यान १९८७ मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ या गाण्याने बँडला अफाट लोकप्रियता दिली. गर्दी इतकी वाढली की ऑक्टोबर १९८९ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्पटनला कार्यक्रम करताना बँडने आपले नावच लपवले. तिकिटांवर होते ‘पूर्वीचे वॉरलॉक्स’. तिथे ९ तारखेला ‘डार्क स्टार’चे पहिले स्वर उमटले. ध्वनिमुद्रणात त्या क्षणी संगीत ऐकू येत नाही, लोकांचा कल्लोळ ऐकू येतो. १९१४ दिवसांची वाट संपली होती.

या वादातला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा यानंतरचा आहे. त्याच दौऱ्यात १६ ऑक्टोबरला न्यू जर्सीत ‘डार्क स्टार’ पुन्हा वाजले आणि २६ ऑक्टोबरला मायामीत तिसऱ्यांदा. म्हणजे हॅम्पटनमागे १९१४ दिवसांचे मौन होते आणि मायामीमागे फक्त दहा दिवसांचे. दुर्मीळतेवर गुण द्यायचे तर दोघांची तुलनाच होऊ नये. पण जुन्या जाणत्या श्रोत्यांपैकी अनेकजण मायामीला वरचे स्थान देतात, आणि ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकली तर ते बरोबर वाटते. हॅम्पटनला बँड एक वचन पाळतो आहे. लोकांचा आनंद त्याच्याही कानावर आहे. मायामीत वचन पाळून झालेले आहे. गार्सियाच्या गिटारमधून तेव्हा नव्यानेच आलेल्या मिडी तंत्राने विचित्र आवाज निघू लागतात, सुरावट विस्कटते, काळोखी होते, आणि कुणीही तिला घाईने ठिकाणावर आणत नाही. गाण्याची जुनी अट तिथे खऱ्या अर्थाने पाळली जाते.

उलट बाजूने पाहायचे तर ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम घ्यावा. बँडचा सर्वोत्तम कार्यक्रम कोणता, या वादात हे नाव हमखास निघते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश केला आहे. तिथे वाजलेली गाणी मुख्यतः त्या हंगामातली नेहमीचीच होती. बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेले निर्मळ ध्वनिमुद्रण आणि एकजीव वादन यांवर त्याची कीर्ती उभी आहे.

मग वाट पाहणारे चाहते भाबडेच म्हणायचे का? तसे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण ‘अनब्रोकन चेन’. हे फिल लेशचे गाणे १९७४ च्या अल्बममधले. रचना गुंतागुंतीची, म्हणून असेल, पण बँडने ते रंगमंचावर कधी वाजवलेच नाही. जवळजवळ एकवीस वर्षांनी, १९ मार्च १९९५ ला, फिलाडेल्फियात ते प्रथम वाजले. निव्वळ वादन म्हणून मी त्याला फार गुण देणार नाही. अल्बममधली वीण सैल झाली आहे, गार्सियाची प्रकृती ढासळलेली होती आणि ते ऐकू येते. तरीही पहिले स्वर ओळखून उसळलेला तो आवाज ऐकताना त्याला खोटे म्हणवत नाही. एकवीस वर्षे ज्यांनी हे गाणे घरी तबकडीवर ऐकले, त्यांना त्याची प्रत्येक वाट पाठ होती. दीर्घ प्रतीक्षेने त्यांचे कान तयार झाले होते. प्रतीक्षा इतके करू शकते. वाजलेले चांगले होते की नाही, हे मात्र ती ठरवू शकत नाही.

ते गाणे बँडने मोजून दहा वेळा वाजवले. शेवटचे ९ जुलै १९९५ ला शिकागोत, बँडच्या अखेरच्या कार्यक्रमात. बरोबर एक महिन्याने, ९ ऑगस्टला, गार्सिया गेला आणि वही मिटली. पण लेश पुढे स्वतःच्या वादकमंडळींबरोबर ‘अनब्रोकन चेन’ वरचेवर वाजवत राहिला. २०२४ च्या ऑक्टोबरात तो गेला, तोवर ज्यांनी हे गाणे त्याच्याकडून प्रथम ऐकले अशा श्रोत्यांची एक पिढी तयार झाली होती. त्यांच्या लेखी ते कधी दुर्मीळ नव्हतेच. कोणताही आकडा न मोजता त्यांना ते आवडले, हीच त्या गाण्याची खरी पावती.