वीरगौरव आणि विस्मृती : किप्लिंग यांच्या एका कवितेचा विचार

रणांगणावर पडलेल्या सैनिकाचे स्मरण समाजाला सोपे जाते. तेथून परतलेला, पुढे वृद्ध व निराश्रित झालेला सैनिक मात्र त्याला अडचणीचा वाटतो. रडयार्ड किप्लिंग यांची ‘द लास्ट ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१८९०) ही कविता नेमके याच विसंगतीवर बोट ठेवते. तिचे मर्म करुणेपेक्षा भाषेच्या एका सूक्ष्म प्रयोगात अधिक आहे.

कवितेची पार्श्वभूमी सर्वपरिचित आहे. क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे, हुकुमाच्या विपरीत आकलनामुळे, सुमारे पावणेसातशे ब्रिटिश घोडेस्वारांनी रशियन तोफांवर चाल केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राजकवी टेनिसन यांची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ ही कविता प्रसिद्ध झाली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत झाली. तीत स्वारांना नावे नाहीत. आहे ती ‘सहाशे’ ही संख्या. संख्येला भूक लागत नाही, वार्धक्यही येत नाही. वीराला अमर करणारी भाषाच त्याचे उर्वरित आयुष्य दृष्टीआड करते ती अशी.

किप्लिंग यांनी हेच उर्वरित आयुष्य पुढे आणले. कोट्यवधी इंग्रज देशाच्या सामर्थ्याच्या गप्पांत रंगले असता अन्नाला व निवाऱ्याला मुकलेले वीस वृद्ध स्वार आपले गुणगान करणाऱ्या कवीच्या दारी जातात. कवीचे नाव येत नसले, तरी रोख टेनिसन यांच्यावर आहे हे उघड होय. त्यांचा म्होरक्या सार्जंट विनवितो की, त्या गीताखाली आता ‘पुढे चालू’ असे लिहावे. ही भेट काल्पनिक आहे. परंतु गौरवगीताला उत्तरार्ध नसतो, हे सत्य तीतून प्रकट होते.

कवितेचा शेवट टेनिसन यांच्या शीर्षकाने होतो. शब्द तेच, अर्थ मात्र पालटलेला. इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणजे चढाई आणि ‘चार्ज’ म्हणजे सोपविलेला भार. पहिल्या अर्थाचा मुले जयघोष करतात. दुसऱ्या अर्थाचा भार रस्त्यावर व अनाथगृहावर टाकला जातो. मराठीने हा शब्द उसना घेताना दोन्ही अर्थ राखले आहेत : ‘लाठीचार्ज’मध्ये पहिला आणि कचेरीत ‘चार्ज घेतला’ म्हणताना दुसरा. त्यामुळे मराठी वाचकाला हा श्लेष भाषांतरावाचून कळतो.

तथापि कवितेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. १८९० मध्ये या पथकातील हयात स्वार विसांहून पुष्कळ अधिक होते. त्यांतील अखेरचा १९२७ मध्ये निवर्तला. संख्या घटविल्याने परिणाम तीव्र होतो, पण प्रश्नाचे आकारमान लहान होते. दुसरे असे की, सार्जंटची भाषा क्षमा मागणाऱ्या अर्जदाराची आहे. तो हक्क सांगत नाही, कृपा याचितो. आणि उपाय म्हणून मिळते ती आणखी एक कविता. उपेक्षेवर किप्लिंग यांचा रोष खरा आहे, परंतु उपकाराच्या व्याकरणाबाहेर ते पडत नाहीत.

त्या वर्षीच्या घटनाही याच चौकटीत बसतात. या स्वारांसाठी १८९० मध्ये मदतनिधी उभारण्यात आला. त्यासाठी फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा आवाज आणि बालाक्लाव्हातील एका बिगुलवाल्याचा बिगुल एडिसन यांच्या यंत्रावर मुद्रित झाला. टेनिसन यांचे काव्यवाचनही त्याच वर्षी मुद्रित झाले. हे ध्वनी आजही ऐकता येतात. शब्द व नाद जतन करण्याची समाजाची तत्परता अशी निर्विवाद आहे. माणसे जतन करण्यासाठी मात्र त्याला वर्गणीची यादी फिरवावी लागली.

म्हणूनच या कवितेचे वाचन केवळ ‘करुण उत्तरकाव्य’ म्हणून करणे अपुरे ठरेल. स्तुती हीच उपेक्षेचे साधन कशी बनते, याची ती साक्ष आहे. वीरकाव्याच्या अभ्यासकाने प्रत्येक गौरवगीतास विचारावयाचा प्रश्न तीतून हाती येतो : यातील क्रियापद कोठे थांबते, आणि त्यानंतर कर्त्याचे काय होते?