माशाआड लपलेला पारा

2003 साली 'लॅन्सेट'मध्ये सेशेल्स बेटांवरच्या अभ्यासाचा एक पेपर आला. गॅरी मायर्स आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणात वाढलेल्या आईच्या केसांतला पारा मोजला आणि मूल नऊ वर्षांचं झाल्यावर त्याच्या चाचण्या घेतल्या. 21 निकषांपैकी फक्त दोन पाऱ्याशी जुळले. त्यातला एक वाईट दिशेने, दुसरा चक्क चांगल्या! या आया आठवड्यातून सरासरी 12 वेळा मासे खायच्या.

पेपर चांगला आहे, गडबड होते ती वाचताना. संशोधनाचा आराखडा लिहिताना 'फेरो बेटांवर परिणाम दिसला, सेशेल्समध्ये नाही, म्हणजे निष्कर्ष परस्परविरोधी' असं एक वाक्य टाकून पुढे जायचा मोह तुम्हाला होणारच. थोडं थांबा.

फेरोमध्ये पारा मुख्यतः पायलट व्हेलच्या मांसातून येत होता. फिलिप ग्रांजाँ यांच्या गटाने 1986-87 मध्ये जन्मलेल्या हजारेक बाळांच्या नाळेच्या रक्तात तो मोजला. सातव्या वर्षी भाषा, लक्ष आणि स्मरणशक्तीत घट दिसली, आणि तिचा संबंध आईच्या केसांपेक्षा नाळेच्या रक्ताशी जास्त पक्का होता. मिथाइलमर्क्युरी सिस्टीनला चिकटतो, त्या जोडीला शरीर मिथिओनिन समजतं आणि वार तिला आत सोडते. नाळेच्या रक्तात पारा आईच्या रक्तापेक्षा साधारण 1.7 पट भरतो. केसांत आईची नोंद असते, नाळेत बाळाची.

पण माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. मासा नुसता पारा आणत नाही. ओमेगा-3, आयोडीन, सेलेनियम हेही आणतो. जास्त मासे खाणारी आई दोन्ही जास्त घेते, आणि एकाचा तोटा दुसऱ्याच्या फायद्याखाली झाकला जातो. सेशेल्सच्या गटाचं कौतुक यासाठी, की हे त्यांनी स्वतःच तपासलं. 2001 पासूनच्या नव्या गटात आईच्या रक्तातलं ओमेगा-3 गणितात धरलं, तेव्हा 30 महिन्यांच्या मुलांच्या हालचालींच्या चाचणीत पाऱ्याचा दुष्परिणाम दिसू लागला. 2003 चा पेपर उद्धृत करणारे बरेच जण इथपर्यंत येतच नाहीत.

आता हे मुंबईच्या उपनगरांत आणा. अंधेरीत चार बंगल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या गाळातला पारा मोजला आहे. गाळातून गर्भापर्यंत पोचायचं तर मधला मासा कोणता, हे विचारावंच लागेल. 'आठवड्यातून किती वेळा मासे खाता?' या प्रश्नाने काही हाती लागत नाही. इवलीशी मांदेली आणि मोठी सुरमई एका रकान्यात कशा घालणार? त्यात आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी, म्हणजे मुशी, खायला घालतात. ती शार्कच, पण बहुतेकदा लहान, म्हणून आकारही विचारा. शिवाय हे खाणं बाळंतपणानंतरचं, नाळेच्या नमुन्यात ते दिसणारच नाही.

तुलनेसाठी काय सुचेल? वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या आया एका बाजूला, घाटकोपर-मुलुंडच्या शाकाहारी आया दुसऱ्या बाजूला. कागदावर झकास दिसतं. पण डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात बऱ्याच गरोदर बायांमध्ये बी-12 कमी आढळलं होतं, आणि ते फार कमी असलेल्या आयांची मुलं नऊ वर्षांची असताना काही बौद्धिक चाचण्यांत मागे पडली. शाकाहारी गटात बी-12 मोजलंच नाही, तर पारा जास्त असलेली मुलं हुशार निघतील आणि तुम्ही 'मासे बिनधास्त खा' असं लिहून मोकळे व्हाल. उलट फक्त फेरो वाचून 'मासे बंद' सांगितलंत, तर कोळणीच्या ताटातलं सगळ्यात चांगलं अन्न काढून घ्याल. दोन्हीकडे किंमत तीच मोजणार.

आणि शाकाहारी म्हणजे पाराविरहित, हे तरी कुठे खरं? केरळमधल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांवरच्या 2024 च्या पेपरमध्ये एका विशिष्ट आजाराच्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरली होती. हा पारा असेंद्रिय. तो वारेतच बराचसा अडकतो, म्हणून बाळाला असलेला धोका वेगळा मांडावा लागतो. केसांत त्याचा भरवशाचा माग लागत नाही, लघवीत लागतो. लघवीचा नमुना घेतलाच नसेल, तर क्रीम लावणारी मुलुंडची आई तुमच्या तक्त्यात 'पारा कमी' या रकान्यात जाऊन बसते.