दहा अवतार, एक घसा

देवाला आळवावे की ओरडून हाक मारावी, हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच निकालात निघाला आहे. आरतीने भिंतीचा गिलावा हलला नाही तर त्या घरात भक्ती जरा कमीच, असे आपण धरून चालतो. त्यातून नाशिककर! ज्या गावाच्या नावाने ढोल ओळखला जातो, तिथल्या माणसाला 'हेवी मेटल फार कर्कश हो' असे सांगणे म्हणजे ओझरकराला विमानाचा आवाज समजावण्यासारखे आहे. तेव्हा 'दशावतार' (२०१७) या आल्बमबद्दल आवाजाची तक्रार मी करणार नाही.

हा आल्बम काढला मुंबईच्या 'डेमॉनिक रेझरेक्शन'ने. साहिल माखिजा यांनी २००० साली उभी केलेली ही मंडळी. नावाचा अर्थ राक्षसी पुनरुत्थान आणि गाणी विष्णूच्या अवतारांवर! हिरण्यकशिपूने घरी सत्यनारायण घालावा, तसा हा प्रकार. पण हिशेब चोख. दहा अवतार, दहा गाणी. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकही खाते सुटलेले नाही. गिटारींच्या गर्दीत सतार-बासरीलाही बसायला जागा दिली आहे. शब्द मात्र इंग्रजी, आणि तेही बरेचसे घशाच्या तळघरातून आलेले.

नॉर्वे-स्वीडनकडची पोरे हा उद्योग फार आधीपासून करतात. स्वीडनच्या 'बाथरी'चा 'हॅमरहार्ट' १९९० चा. पण त्यांची एक सोय आहे बुवा. त्यांचे देव हजारेक वर्षांपूर्वीच सेवानिवृत्त झाले. हातोडेवाल्या थॉरला पेन्शन म्हणून इंग्रजी कॅलेंडरातला एक गुरुवार तेवढा मिळतो. अलीकडे थोडे भक्त परतलेत म्हणा, पण एरवी त्याच्यावर काहीही गा, कुणाच्या देवघरात भांडे वाजत नाही. आपले देव अजून ड्यूटीवर आहेत. रामाचा तर वनवासातला पत्ताच आमच्या पंचवटीचा!

गाण्यांचे म्हणाल तर सुरुवातीचे अवतार या संगीताला फर्मास शोभतात. खांब फोडून बाहेर पडणाऱ्या नृसिंहाने भीमपलास आळवावा, असे कोण म्हणेल? वराहानेही पृथ्वी काही मुरकी घेत उचलली नसणार. पंचाईत पुढे होते. राम येवो की कृष्ण, ढोलकऱ्याचे पाय थांबायला तयार नाहीत. सगळी पाने एक्क्याचीच असली, तर डाव रंगायचा कसा?

आणि नववे गाणे बुद्धाचे. इथे थट्टा पुरे. मराठी माणसाने जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठलही पाहिला आहे. म्हणजे ही जागा आधीपासूनच वादातली. त्यात १९३० साली याच नाशकात काळाराम मंदिराच्या दारात माणसांना आत जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३५ साली याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली. १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, हे स्पष्ट सांगितले गेले. एवढे घडून गेल्यावर बुद्धाला नववा नंबर देणे म्हणजे नुसते रांगेत उभे करणे राहत नाही. आल्बम मात्र पाठ्यपुस्तकातली यादी घेतो आणि दहाव्याकडे धावतो.

वारसा, वारसा असे सगळेच म्हणतात. पण बँकेत काम करणाऱ्याला विचारा: वारसाचे नाव लावण्याआधी कुणाची हरकत आहे का, ते बघावे लागते. ही साधी पायरी कलावंताने वगळली, की ऐकणारा सही करताना बिचकतो. आणि या मंडळींना एकट्याला तरी का बोला? भिक्षूंसाठी कोरलेल्या बौद्ध लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणून आपणही मोकळे झालोच की!

तरी 'दशावतार' ऐकाच. आपल्या पुराणाला एवढा दणका सोसतो, हे कळायला नृसिंहाचे गाणे पुरेसे आहे. फक्त नववे लागले की जरा त्या लेण्यांच्या पायऱ्या आठवा. तिथला बुद्ध कुणाच्या रांगेत नंबर लावून बसलेला नाही.