नासलेले घरटे : ‘ब्रीफ एन्काउंटर’, ‘चारुलता’ आणि परतण्याचा प्रश्न

विवाहित स्त्रीच्या मनात परपुरुषाविषयी निर्माण होणारी ओढ आणि तिचा संसार यांतील ताण हे आशयसूत्र आधुनिक साहित्यात व चित्रपटात इतक्या वेळा हाताळले गेले आहे, की या विषयावरील दोन कलाकृती एकमेकींशेजारी ठेवताना साम्ये सहज हाती लागतात. डेव्हिड लीन यांचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ (१९४५) आणि सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ (१९६४) या दोन चित्रपटांच्या बाबतीत तर ती फारच लवकर लागतात. सुस्वभावी परंतु स्वतःतच गुंतलेला नवरा, वाचनाची आवड असलेली पत्नी, शरीरसंबंधापर्यंत न पोचलेले प्रेम, प्रियकराचे दूर निघून जाणे आणि अखेरीस पती-पत्नींनी पुन्हा समोरासमोर येणे, एवढे घटक दोन्हींकडे समान आहेत. तौलनिक अभ्यासाने मात्र साम्यांच्या यादीवर थांबून चालत नाही. या दोन कलाकृतींतील खरा भेद एका साध्या प्रश्नातून उघड होतो : शेवटी घरी परत कोण येते, आणि कोठून?

लीन यांच्या चित्रपटाचा आधार नोएल कॉवर्ड यांची ‘स्टिल लाइफ’ (१९३६) ही एकांकिका. एकांकिका पूर्णपणे रेल्वेस्थानकावरील उपाहारगृहात घडते. चित्रपटाने तिला लॉराच्या घराची जोड दिली आणि सारी कथा त्या घरात बसून आठवली जाते अशी रचना केली. लॉरा जेसन दर गुरुवारी खरेदी, वाचनालयातील पुस्तक बदलणे आणि चित्रपट पाहणे यांसाठी शेजारच्या मिलफर्ड गावी जाते. स्थानकावर तिच्या डोळ्यात गेलेला कण ॲलेक हार्वी हा डॉक्टर काढतो आणि त्या क्षुल्लक निमित्तातून पुढील गुरुवार घडत जातात. हे प्रेम जेथे घडते त्या जागांकडे पाहावे : फलाट, उपाहारगृह, चित्रपटगृह, नदीवरची नाव, मित्राकडून मिळालेली परकी सदनिका. यांतील एकही जागा लॉराच्या घराचा भाग नाही. घरापासून तिथपर्यंतचे अंतर रेल्वेच्या वेळापत्रकाने मोजलेले आहे. ठरलेल्या गाडीने जायचे आणि ठरलेल्या गाडीने परतायचे, ही शिस्त प्रेमालाही लागू होते.

लॉरा ही कहाणी आपल्या पतीला सांगते, पण मनातल्या मनात. फ्रेड समोरच्या खुर्चीत शब्दकोडे सोडवीत बसलेला असतो. कीट्सच्या एका ओळीतील सात अक्षरी इंग्रजी शब्द तो पत्नीला विचारतो. तिने सुचविलेला ‘रोमान्स’ हा शब्द त्याला पटतो, तो कवितेमुळे नव्हे, तर ‘डिलिरियम’ आणि ‘बलुचिस्तान’ या शब्दांशी चौकटीत जुळतो म्हणून. या छोट्या प्रसंगात त्या संसाराचे स्वरूप सामावलेले आहे. उत्कट भावनेलाही येथे ठरलेल्या चौकटीत जागा आहे, मात्र ती चौकट मोडता कामा नये. अखेरीस फ्रेड पत्नीजवळ येतो आणि ती फार दूर गेली होती, परत आली याबद्दल तिचे आभार मानतो. त्याला किती कळले आहे हे चित्रपट सांगत नाही. लॉराचा कबुलीजबाब अनुच्चारितच राहतो आणि त्या मौनावरच तिचे परतणे शक्य होते. दुःख सगळे तिच्या वाट्याला येते, घराच्या भिंतीला मात्र तडा जात नाही.

आता कोलकात्याकडे वळावे. रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘नष्टनीड’ ही दीर्घकथा १९०१ मधली. राय यांनी चित्रपटाचा काळ १८७९-८० हा निश्चित केला आणि ग्लॅडस्टनच्या पक्षाचा १८८० मधील निवडणूकविजय कथानकात गुंफला. भूपती हा श्रीमंत, उदारमतवादी गृहस्थ ‘सेंटिनेल’ नावाचे इंग्रजी वृत्तपत्र चालवितो, आणि त्याचा छापखाना घरातच आहे. बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेले ते घर आणि सुब्रत मित्र यांचे छायाचित्रण यांमुळे वास्तूच चित्रपटातील एक पात्र ठरते. मराठी वाचकाला दिवाणखाना आणि माजघर यांतील अंतर परिचित आहे. बंगाली घरातील बाहेरमहाल आणि अंदरमहाल यांची विभागणी त्याच जातीची. चित्रपटाच्या आरंभी चारू खिडक्यांच्या झडपांमधून दुर्बिणीने रस्त्यावरची माणसे न्याहाळते, आणि तीच दुर्बीण ती शेजारून पुस्तकात डोके घालून निघून गेलेल्या नवऱ्यावर रोखते. रस्त्यावरचा अनोळखी माणूस आणि घरातला पती दोघेही तिला सारख्याच अंतरावर आहेत, हे येथे एकही शब्द न उच्चारता प्रस्थापित होते.

या घरात अमल येतो. तो भूपतीचा आतेभाऊ, म्हणजे चारूचा दीर. दीर-भावजय या नात्यात बंगाली कुटुंबव्यवस्थेने थट्टेला, लाडिक हट्टाला आणि सहवासाला जी मुभा दिली आहे, तिच्यामुळे त्यांच्या जवळिकीला कोणत्याही सबबीची गरज लागत नाही. लॉराला मैत्रिणीला खोटे सांगावे लागते. चारूला काहीही लपवावे लागत नाही, कारण काय लपवायचे हेच तिला उशिरापर्यंत उमगत नाही. शिवाय अमलने चारूच्या साहित्यिक आवडीला खतपाणी घालावे, आणि तेही तिला न कळता, अशी विनंती खुद्द भूपतीनेच केलेली असते. म्हणजे लीन यांच्या चित्रपटात जे घराबाहेर योगायोगाने घडते, ते येथे घरात आणि घरधन्याच्या इच्छेने सुरू होते.

याच ठिकाणी मराठीतील एक समकालीन संदर्भ उपयोगी पडतो. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये झाला. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या त्यांच्या पुस्तकात न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना शिकविले, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध त्यांनी कसा सोसला, याचे चित्र आहे. एकाच दशकात, एकाच सुधारकी विचारविश्वात वावरणारे हे दोन पती. एकाने पत्नीला स्वतः शिकविले, दुसऱ्याने ते काम दुसऱ्यावर सोपविले. रमाबाईंच्या आठवणीतील पत्नीला शिक्षणाची किंमत घरातल्या बायकांच्या बोलण्यातून मोजावी लागली, परंतु अक्षर आणि दांपत्य यांची दिशा तेथे एकच राहिली. भूपतीच्या घरी ती फाटते. त्याला पत्नीची साक्षरता हवी आहे, तिच्यासोबतचे वाचन नको आहे. देशाच्या राजकारणासाठी त्याच्याजवळ वेळ आहे, बंगाली साहित्यासाठी नाही. एक वास्तव व्यक्ती आणि एक कल्पित पात्र यांची ही तुलना अर्थातच मर्यादित आहे. तरीही एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात जो प्रश्न क्वचित विचारला जातो, तो तिच्यामुळे पुढे येतो : शिकलेल्या पत्नीने कोणाशी बोलावे, अशी सुधारकाची कल्पना होती?

त्यामुळे ‘चारुलता’मधील भावनिक परमोच्च बिंदू प्रेमाच्या उच्चाराशी नव्हे, तर लेखनाशी निगडित आहे, हे स्वाभाविक ठरते. अमलने आपले लेखन दोघांपुरतेच राहील असा शब्द दिलेला असतो. तो मोडून तो ते प्रसिद्ध करतो. चारू दुखावते, स्वतः लिहायला बसते, आपल्या गावाच्या आठवणींवर लेख लिहिते आणि अधिक मान्यवर मासिकात तो छापून आणते. ते मासिक अमलच्या पुढ्यात आणल्यावर विजयाच्या क्षणीच ती त्याच्या छातीवर डोके ठेवून रडते. तिला कीर्ती नको होती, एक वाचक हवा होता. ‘व्यभिचार’ हा शब्द या प्रसंगाला लावून पाहिला, की तो किती अपुरा आहे हे ध्यानात येते.

‘विश्वासघात’ हा शब्द मात्र चित्रपटात वेगळ्या वाटेने येतो. चारूचा भाऊ उमापद भूपतीचे पैसे घेऊन पळून जातो. वृत्तपत्र बुडते. त्या रात्री भूपती अमलजवळ मन मोकळे करतो : पैसा गेल्यापेक्षा आपल्या माणसाने फसविले याचे दुःख त्याला मोठे वाटते. ऐकणाऱ्या अमलला आपला चेहरा त्या आरशात दिसतो आणि तो चिठ्ठी ठेवून निघून जातो. राय यांनी आर्थिक अपहार आणि भावनिक अपहार यांची घातलेली ही सांगड केवळ रचनाकौशल्याची बाब नाही. भूपतीला कळणारी भाषा हिशेबाची आणि वर्तमानपत्राची आहे. दुसऱ्या नुकसानीची जाणीव त्याला पहिल्या नुकसानीनंतरच होऊ शकते.

येथून शेवटाकडे येता येते. समुद्रकिनाऱ्यावर चारू नवे वृत्तपत्र सुचविते. त्यात राजकारण भूपतीचे, साहित्य तिचे. प्रथमच दोघांना समान काम सापडते. घरी परतल्यावर अमलचे पत्र येते, चारूचा बांध फुटतो आणि ते भूपतीच्या दृष्टीस पडते. तो घोडागाडीत बसून रात्रीच्या शहरात दिशाहीन भटकतो आणि परत येतो. दारात चारू उभी असते. ती त्याला आत बोलावते, हात पुढे करते. त्याचाही हात पुढे येतो, आणि दोन हातांमधले अंतर मिटण्यापूर्वीच चित्र गोठते. पाठोपाठ स्थिर चित्रांची मालिका येते. दिवा घेऊन आलेला नोकरही तिच्यात आहे. शेवटी पडद्यावर कथेचे मूळ शीर्षक उमटते.

म्हणजे लीन यांच्याकडे पत्नी परत येते आणि पती आभार मानतो, तर राय यांच्याकडे परत येतो तो पती, आणि आत बोलावते ती पत्नी. चारू कोठे गेलेलीच नव्हती. दूर गेलेला होता तो भूपती, छापखान्याच्या खोलीइतक्याच अंतरावर, पण कित्येक वर्षे. शहरातील ती गाडीची फेरी त्याच्या या दीर्घ अनुपस्थितीचे संक्षिप्त रूप होय. उपेक्षा हीही निष्ठेतील एक उणीवच आहे, आणि तिचा दोष एकट्या स्त्रीच्या माथी मारता येत नाही, हा राय यांचा नैतिक निर्णय या उलटापालटीतून व्यक्त होतो.

मूळ कथेचा शेवट याहून कठोर आहे. तेथे भूपती म्हैसूरला एका वृत्तपत्राचे काम पत्करतो. चारू बरोबर येण्याची याचना करते, तो कचरतो. मग दया येऊन तो तिला चल म्हणतो, तेव्हा ती नकार देते. चित्रपटाने केलेल्या अशा बदलांवर अशोक रुद्र यांनी ‘परिचय’ या बंगाली नियतकालिकात आक्षेप घेतले आणि राय यांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. माध्यमांतराच्या चर्चेत हा वाद मोलाचा आहे. परंतु दोन शेवटांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही. कथेतील स्त्री दयेने दिलेली सोबत नाकारते. चित्रपटातील स्त्री सोबत देऊ करते, पण ती स्वीकारली गेली की नाही हे दिग्दर्शक सांगत नाही. दोन्हींकडे ‘झाले गेले विसरून जाऊ’ या तोडग्याला नकार आहे. लॉराला उपलब्ध असलेले मौनाचे छत्र येथे उरलेलेच नाही, कारण भूपतीने पाहिलेले आहे आणि आपण पाहिले गेलो हे चारूला समजले आहे.

राय यांना रेल्वेस्थानकाची नाट्यमयता आकर्षित करीत नव्हती, असे मात्र नाही. पुढल्याच वर्षी आलेल्या ‘कापुरुष’ (१९६५) या लघुचित्रपटात त्यांनी प्रेमेंद्र मित्र यांच्या कथेवरून ती योजली. माधवी मुखर्जी आणि सौमित्र चटर्जी हीच जोडी तेथे पुन्हा दिसते. पटकथालेखक अमिताभला चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या घरी अपघाताने आश्रय मिळतो आणि यजमानाची पत्नी करुणा ही त्याची पूर्वीची प्रेयसी निघते. तो तिला स्थानकावर येण्यास सांगतो. ती येते, पण त्याच्यासोबत जाण्यासाठी नव्हे, तर तिने दिलेल्या झोपेच्या गोळ्यांची बाटली परत नेण्यासाठी. स्थानकाच्या फलाटावरील विरहाला एवढी कोरडी कलाटणी क्वचितच मिळाली असेल. तिचा संसार सुखाचा आहे म्हणून ती परतत नाही. तो झोपेच्या गोळ्यांवर निभतो आहे, एवढेच ती बाटली सांगते. ‘घर शाबूत राहिले’ या विधानाचा अर्थ येथे पुन्हा तपासावा लागतो.

हा अर्थ तपासण्याची सोय ‘नष्टनीड’ या शीर्षकातच आहे, आणि मराठी अभ्यासकाला ती विशेष जवळची आहे. मराठीत ‘नष्ट’ म्हटले की संपूर्ण नाश, मागमूस न उरणे, असा बोध होतो. त्यामुळे या शीर्षकाचे ‘उद्ध्वस्त घरटे’ असे भाषांतर करण्याचा मोह पडतो. बंगालीत मात्र हाच शब्द बिघडलेल्या, वाया गेलेल्या वस्तूलाही लागतो. नासलेल्या दुधालाही तो चालतो आणि समाजाने ‘वाया गेलेली’ ठरविलेल्या स्त्रीलाही. मराठीत ही छटा त्याच धातूपासून आलेल्या ‘नासणे’ या क्रियापदाने सांभाळली आहे. दूध नासते तेव्हा भांडे फुटत नाही. ते जसेच्या तसे असते, आतले मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही. भूपतीचे घर या अर्थाने नष्ट झाले आहे. दिवा घेऊन येणारा नोकर आहे, दार उघडे आहे, पती-पत्नी उंबरठ्यावर आहेत. काहीही कोसळलेले नाही.

‘ब्रीफ एन्काउंटर’ची महत्ता या तुलनेने कमी होत नाही. एका विशिष्ट समाजाने संयमाला दिलेले मूल्य आणि त्यासाठी एका स्त्रीने मोजलेली किंमत त्या चित्रपटाइतक्या प्रामाणिकपणे फार थोड्या कलाकृतींनी दाखविली आहे. परंतु त्याच्या मोजपट्टीने ‘चारुलता’ मोजली, तर ती मोहातून सावरलेल्या पत्नीची कथा ठरेल, आणि कोलकात्यातील त्या घराने विचारलेला प्रश्न निसटून जाईल. तो प्रश्न पत्नी परत आली की नाही हा नसून, परत येण्याजोगे घर तिला कधी मिळाले होते काय, हा आहे. राय यांनी त्याचे उत्तर दोन हातांमधल्या अंतरात ठेवले आहे, आणि ते अंतर त्यांनी भरून काढलेले नाही.