‘फॅमिली कॉम्प्युटर’ची रूपांतरे आणि मूळ प्रतीचा प्रश्न

(१)

एका ग्रंथाच्या अनेक प्रतींतून मूळ पाठ कसा निश्चित करावा, याचा विचार मराठी संशोधनात दीर्घकाळ होत आला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक पाठ प्रसिद्ध केला. ‘शुद्ध’ आणि ‘मूळ’ हे शब्द समानार्थी नाहीत, ही जाणीव या वादातून अभ्यासकांत दृढ झाली. यंत्रांच्या इतिहासलेखनात मात्र ती अद्याप पुरेशी उतरलेली नाही. तेथे निर्मात्याने शेवटी मान्य केलेले रूप प्रमाण धरले जाते. अन्य रूपांची गणना दोषांत किंवा नकलांत होते. घरगुती व्हिडिओ गेमच्या एका संचाच्या आधारे या गृहीताची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हा संच म्हणजे क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’. मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली त्याची रचना झाली, १५ जुलै १९८३ रोजी तो जपानच्या बाजारात आला आणि २००३ पर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले. परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर अशा गावांतील घरांत मात्र १९९० नंतरच्या दशकात जो संच दूरदर्शनसंचाला जोडला गेला, तो सामान्यतः निन्टेन्डोचा नव्हता. तो ‘लिटल मास्टर’सारख्या देशी नावाचा, किंवा कोणतेच नाव नसलेला, त्या संचाचा अनुकृत अवतार होता. या अवताराचे मूळ संचाशी नाते काय, हा येथील अभ्यासकापुढचा खरा प्रश्न आहे.

(२)

प्रथम अधिकृत रूपांतरे पाहावीत. १९८३ च्या पहिल्या प्रतींतील रिमोटवर चौकोनी रबरी बटणे होती व ती दाबली असता अडकत. आतील मंडलातही दोष आढळल्याने विकलेले संच परत घेऊन नव्या मंडलासह द्यावे लागले. पुढील प्रतींत कठीण प्लॅस्टिकची गोल बटणे आली. म्हणजे या परंपरेत आद्य प्रत हीच सर्वांत सदोष प्रत ठरते. मूळाकडे जावे तितकी शुद्धी वाढते, हा पाठचिकित्सेतील सोईचा समज येथे पहिल्याच पायरीवर बाधित होतो.

१९८५ साली अमेरिकेत हाच संच ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम’ या नावाने अवतरला. कॅसेटची जोडणी ६० दात्यांची होती, ती ७२ दात्यांची झाली. परवानगीवाचून केलेल्या कॅसेट चालू नयेत म्हणून एक पहारेकरी चिप बसविण्यात आली. कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबावयाची नवी योजना झाली. तीतील जोडणी वापराने सैल होई व पडदा लुकलुकत राही. दुसऱ्या रिमोटमधील ध्वनिग्राहक या रूपात गाळला गेला. कॅसेटमधील स्वतंत्र चिपने निर्माण केलेला ध्वनी संचाच्या ध्वनीत मिसळून घेण्याची जी थेट वाट जपानी संचात होती, तीही येथे राहिली नाही.

हे बदल केवळ कवचाचे नाहीत. त्यांनी खेळांच्या संहितेतच पाठभेद उत्पन्न केले. कोनामी कंपनीच्या ‘आकुमाजो देन्सेत्सु’ या १९८९ च्या खेळात कॅसेटमधील चिप तीन जादा नाद पुरवीत असे. १९९० साली ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून तो अमेरिकेत गेला, तेव्हा ते नाद वगळून संगीताची पुनर्रचना करावी लागली. ‘झेल्डा’ या खेळाचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. १९८६ च्या जपानी रूपात मोठ्या कानांचा एक शत्रू रिमोटच्या ध्वनिग्राहकात ओरडल्याने मरत असे. अमेरिकी संचात ध्वनिग्राहक उरला नाही. तरी त्या शत्रूला मोठा आवाज सहन होत नाही, अशी सूचना खेळाच्या पुस्तिकेत तशीच राहिली. ज्या अवयवाला उद्देशून ती सूचना होती तो अवयवच नाहीसा झाल्यावर ती निरर्थक अवशेष बनली. लेखकाने प्रसंग गाळावा आणि त्या प्रसंगाचा पुढील उल्लेख मात्र पोथीत राहून जावा, तसाच हा प्रकार आहे.

१९९३ साली एकाच संचाची दोन नवी रूपे निघाली व ती परस्परविरुद्ध दिशांना गेली. अमेरिकी रूपात पहारेकरी चिप गेली, कॅसेट वरून लावण्याची सोपी रीत आली. परंतु चित्र व ध्वनी वेगळ्या तारांनी देण्याची सोय काढून केवळ अँटेनाची जोडणी ठेवली गेली. जपानी रूपात नेमकी ती वेगळ्या तारांची सोय आली आणि संचाला कायमचे जोडलेले रिमोट सुटे झाले. ध्वनिग्राहक मात्र तेथूनही गेला. यांपैकी कोणते रूप ‘अंतिम’ मानावे, याचे उत्तर कंपनीच्या अधिकारातून मिळत नाही.

(३)

आता अनुकृत प्रतींकडे वळावयास हरकत नाही. जर्मन पंडित कार्ल लाखमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे एक सूत्र असे की, प्रतींचे कुल त्यांतील समान चुकांवरून ओळखावे. शुद्ध पाठ कोणत्याही दोन प्रतींत जुळू शकतो. तीच विचित्र चूक दोहोंत आढळली, तर त्यांचा पूर्वज एक असल्याचे अनुमान बलवत्तर होते.

या संचांत तशी चूक सापडते. मूळ संचातील दोन नाद चौकोनी तरंगांचे असून त्या तरंगाचा ‘उंच’ भाग एकूण आवर्तनाचा किती हिस्सा असावा, हे खेळाचा रचनाकार ठरवितो. तैवानमधील यू.एम.सी. कंपनीच्या अनुकृत चिपमध्ये चतुर्थांश व अर्धा या दोन हिश्शांची अदलाबदल झालेली आहे. परिणामी स्वराची पट्टी तीच राहते, पण नादाची जात पालटते: जेथे भरीव आवाज अभिप्रेत आहे तेथे किनरा, आणि किनऱ्याच्या जागी भरीव. ही अदलाबदल पुढील असंख्य संचांत उतरली. एखाद्या लेखकाने दोन अक्षरे उलटी लिहावीत आणि त्याच्या पोथीवरून झालेल्या सर्व प्रतींत ती उलटीच यावीत, याहून ही घटना भिन्न नाही.

तथापि अनुकृत प्रत ही सर्वत्र भ्रष्ट प्रतच असते, असे मात्र नाही. भारतातील रंगीत दूरदर्शन पाल पद्धतीचे: ३१२ ओळींचे व सेकंदाला ५० चित्रांचे. जपानी संच २६२ ओळींचा व सुमारे ६० चित्रांचा. हे अंतर भरून काढताना निन्टेन्डोने आपल्या युरोपीय संचातील प्रक्रियक मंद केला. सेकंदाला सुमारे १७.९ लक्ष आवर्तनांऐवजी तो १६.६ लक्ष आवर्तनांवर आला आणि चित्रबिंदू व प्रक्रियक यांचे ३ : १ हे प्रमाण ३.२ : १ झाले. काटेकोर कालगणनेवर विसंबलेले जपानी खेळ त्यामुळे तेथे बिघडत. यू.एम.सी.ने पाल पद्धतीसाठी केलेल्या चिपांत ३ : १ हे प्रमाण कायम ठेवले, वेग १७.७ लक्षांच्या आसपास राखला आणि जादा ५० ओळींचा काळ चित्र पूर्ण झाल्यावरच्या निष्क्रिय अवकाशात घातला. खेळाची गती घटली; पण जपानी कॅसेटला अपेक्षित असलेला अंतर्गत ताल अबाधित राहिला. या एका बाबतीत नक्कल ही अधिकृत आवृत्तीपेक्षा मूळाशी अधिक एकनिष्ठ ठरते.

यावरून एक निकष हाती येतो. संचाची एकता त्याच्या कवचात, नावात किंवा स्वामित्वात शोधू नये. संच आणि कॅसेट यांच्यातील अलिखित करारात ती शोधावी. कॅसेट ज्या गोष्टी गृहीत धरते त्या जो संच पुरवितो, तो त्या परंपरेचा साक्षीदार होय. तो करार जेथे जेथे मोडतो, तेथे तेथे पाठभेद नोंदवावा, मग मोडणारा निन्टेन्डो असो वा निनावी कारखानदार.

(४)

येथे एक आक्षेप संभवतो. निनावी संच हे परवानगीवाचून झालेले अनुकरण होते. त्यांना साक्षीदाराचा मान देणे म्हणजे अपहाराचे समर्थन नव्हे काय? शिवाय त्यांच्यासोबत येणाऱ्या कॅसेटवर हजारो खेळांचा दावा असे आणि प्रत्यक्षात मोजकेच खेळ निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा येत. आक्षेपातील तथ्य मान्य केलेच पाहिजे. परंतु स्वामित्वाचा निर्णय न्यायशास्त्राचा आहे आणि साक्षीचा निर्णय पाठचिकित्सेचा. गंगाखेडची म्हणून परंपरेला ज्ञात असलेल्या जनाबाईचे अभंग मुख्यतः नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने टिकले. तिच्या नावावरील सर्वच रचना तिच्या आहेत काय, ही चर्चा जुनी आहे. तरीही कर्तृत्व संशयित आहे म्हणून कोणी त्या प्रती फेकून दिल्या नाहीत. प्रक्षिप्तही तपासावे लागते, कारण लोकांनी काय ऐकले याचा तोच पुरावा असतो.

आणि येथेच या चर्चेचे व्यावहारिक महत्त्व आहे. निन्टेन्डोने २०१६ साली ३० खेळांसह जो लहान संच काढला, त्यात जुने मंडल मुळीच नाही. जुन्या यंत्राचे वर्तन प्रणालीने वठविलेले आहे. अशा पुनर्निर्मितीचे प्रमाण स्वाभाविकपणेच अधिकृत चिपचे असते. त्या प्रमाणाने पाहता यू.एम.सी. कुलातील संचांवर वाढलेल्या श्रोत्यांच्या कानांत बसलेला नाद ‘चुकीचा’ ठरतो व त्यांना परिचित असलेली गती ‘मंद’ ठरते. अधिकृत संच जगभरच्या संग्रहांत जपले जात आहेत. निनावी संच मात्र भंगारात जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर या प्रदेशातील त्या खेळांच्या श्रवणाचा व दर्शनाचा एकमेव पुरावाही जात आहे.

यास्तव हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीप्रमाणे या संचांचीही सूची विद्यापीठीय विभागांनी करणे अगत्याचे आहे. कवचावरील नाव, आतील चिपांवरील अंक, कॅसेटच्या दात्यांची संख्या, चित्रांची गती, नादातील अदलाबदल आणि दुसऱ्या रिमोटवरील उणिवा एवढ्या नोंदींवरूनही कुलनिश्चिती करता येईल. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यास हे काम परके वाटण्याचे कारण नाही. प्रतीची नोंद आधी करावी व तिच्या योग्यतेचा निर्णय मागाहून द्यावा, हाच त्याच्या शास्त्राचा पहिला नियम आहे. या संचांच्या बाबतीत निर्णय आधी झाला आणि नोंद राहून गेली. तो क्रम अजून पालटता येण्यासारखा आहे.