असगार्डचा कोट आणि पुरुषसूक्त

मराठी समीक्षेला 'मिथक' हा शब्द फार प्रिय आहे. दलित कवीने मिथकांकडे वळावे, असा सल्लाही अधूनमधून मिळतो. मिथक हा साऱ्या मानवजातीचा समाईक ठेवा, हे त्यामागचे गृहीत. उत्तर युरोपातील नॉर्स दैवतकथा मी त्याच गृहीतावर वाचायला घेतल्या आणि एका भिंतीपाशी अडलो.

असगार्ड हे देवांचे गाव. त्याचा कोट बांधायला एक अनोळखी गवंडी येतो. एका हिवाळ्यात काम पुरे करीन म्हणतो. मोबदला फ्रेया देवी, सूर्य आणि चंद्र. मदतीला फक्त घोडा. देव शपथा घेतात. उन्हाळा तीन दिवसांवर येतो, कोट वेशीपर्यंत उभा राहतो आणि देवांचे धाबे दणाणते. लोकी घोडीचे रूप घेऊन त्याचा घोडा पळवतो. काम अडते, गवंडी खवळतो. तो राक्षसकुळातला आहे, हे देवांना नेमके तेव्हा कळते! थोर हातोड्याने त्याची कवटी फोडतो. कोट मात्र देवांकडेच राहतो.

कासुर्डीहून पुरंदर काही फार लांब नाही. तिथला बुरूज उभा राहीना म्हणून पायात महारांचा बळी दिला, अशी आख्यायिका आहे. एडा निदान देवांनी शपथ मोडली हे लपवीत नाही. आमच्याकडे बळी हा गौरवाचा विषय होतो.

आता विश्वोत्पत्ती. ओडिन आणि त्याचे भाऊ आदिराक्षस यमीरला ठार करतात. त्याच्या मांसाची पृथ्वी, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचे आकाश. ऋग्वेदातले पुरुषसूक्त (10.90) आठवतेच. तौलनिक अभ्यासक या साम्यावर खूश होतात. मला भेद मोलाचा वाटतो. यमीरच्या तुकड्यांतून माणसांच्या पायऱ्या निघत नाहीत. आस्क आणि एम्ब्ला ही पहिली जोडी झाडांपासून घडते. पुरुषसूक्तात पायांतून शूद्र निघतो. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त (1873) ब्रह्मदेवाच्या मुखाची उलटतपासणी केली, बाबासाहेबांनी 1946 साली शूद्रांवरील ग्रंथात या सूक्ताचीच चिकित्सा केली, ती उगाच नव्हे.

म्हणून नॉर्सांचा उदोउदो करण्याचे कारण नाही. 'रिग्सथुला' या काव्यात रिग नावाचा देव तीन घरी मुक्काम करतो. पहिल्या घरी गुलाम थ्राल जन्मतो, दुसऱ्या घरी शेतकरी कार्ल, तिसऱ्या घरी सरदार यार्ल. थ्रालची पाठ वाकलेली, बोटे जाड, हाताची कातडी सुरकुतलेली. त्याची पोरे शेतात खत टाकतात, डुकरे राखतात, आणि त्यांची नावे म्हणजे निव्वळ शिव्या. शूद्राचे नाव जुगुप्सित असावे, हा मनुस्मृतीचा दंडक (2.31) इथे शब्दशः भेटतो. अशा कवितेला कोणी समाईक ठेवा म्हणावे?

तरीही एक गोष्ट उरतेच. आइसलँडच्या आल्थिंग सभेने इ. स. 1000 च्या सुमारास जुने देव सोडण्याचा निर्णय घेतला. स्नोरीने एडा लिहिली ती 1220 च्या आसपास. थोर आधी पूजेतून उठला, मग तो वाङ्मय झाला. आम्ही 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात देव सोडले. पण पुरुषसूक्त आजही पूजेत म्हटले जाते. ज्याची पूजा चालू आहे त्याला मिथक म्हणून सौंदर्यशास्त्राच्या हवाली करणे ही समीक्षा नव्हे, वकिली आहे.

'व्होलुस्पा'त मोडलेल्या शपथांचा उल्लेख येतो आणि पुढे ओडिन, थोर दोघेही मरतात. बळीला पाताळात घातल्याबद्दल आमच्या पुराणांत कोणता देव मेला?